राइडची देखभाल: अधिकार पार्ककडे की मुख्यालयाकडे?

अनेक मनोरंजन पार्क चालवणाऱ्या कंपनीत राइडच्या देखभालीची घडी बसवताना दोन पद्धती समोर येतात. पहिलीत प्रत्येक पार्कचं वर्कशॉप आणि स्टोअर स्वतःचं असतं, खर्चाचा अधिकार मेंटेनन्स प्रमुखाच्या हातात असतो. दुसरीत खरेदी मुख्यालयातून होते, मोठी कामं कंत्राटदाराकडे जातात आणि पार्ककडे उरते ती रोजची तपासणी. कागदावर दुसरी पद्धत बहुधा स्वस्त दिसते. ती तशी का दिसते, हे चाकांवरून कळतं.

रोलर कोस्टरच्या डब्याला तीन तऱ्हेची चाकं असतात: भार पेलणारी, रुळाच्या बाजूने चालणारी आणि डबा उचलला जाऊ नये म्हणून रुळाखालून धरणारी. पोलादी कोस्टरवर बहुतेकदा चाकाच्या धातूच्या गाभ्यावर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचा थर असतो. थर नरम असेल तर गाडी हळुवार चालते, पण तो तापतो, लवकर झिजतो आणि कडक उन्हाळ्यात गाभ्यापासून सुटूही शकतो. थर कडक असेल तर चाक जास्त टिकतं, मात्र धक्के बेअरिंग, धुरा आणि डब्याच्या वेल्डिंगपर्यंत पोचतात. खरेदी विभाग नगाचा भाव आणि टिकाऊपणा बघून कडक चाक घेतो. चाकांचा खर्च घटतो, बेअरिंगांचा वाढतो आणि तो पार्कच्या खात्यावर पडतो. बचत एकाच्या नावावर, भुर्दंड दुसऱ्याच्या. भाव कुणीही ठरवावा. थराचा कडकपणा किंवा बेअरिंगचा प्रकार बदलायचा तर अभियंत्याची सही आणि उत्पादकाची लेखी संमती, दोन्ही हवीत.

दिरंगाईचा हिशेब याहून सोपा आहे. रुळालगतचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे गाडी जवळ आल्याचं ओळखणारं उपकरण, ही किरकोळ किमतीची वस्तू. तो गेला की गाडी नेमकी कुठे आहे हे कंट्रोल सिस्टिमला कळत नाही, ती मागची गाडी अडवते आणि राइड बंद पडते. नग स्टोअरमध्ये असेल तर बदलणं, फट जुळवणं आणि रिकामी गाडी फिरवून बघणं एवढंच काम. मुख्यालयातून मागवायचा तर मागणीपत्र, तीन दरपत्रकं, मंजुरी, परचेस ऑर्डर. तोवर राइड उभी. मंजुरीला दिवस लागतात हे अंगवळणी पडलं की लोक आपले मार्ग काढतात: कपाटात लपवलेला साठा, नाहीतर एका गाडीचा भाग काढून दुसरीला. दुसऱ्या प्रकाराची नोंद झाली नाही, तर कुठला भाग किती तास चालला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

मग सगळं पार्ककडेच द्यावं का? तसंही नाही. धुरा, गिअरबॉक्स, गाडीला वेग देऊन सोडणाऱ्या लाँचच्या मोटरी अशा महिनोन्‌महिने आधी मागवायच्या वस्तूंत मुख्यालयाचं वजन कामी येतं. एकाच बनावटीची राइड तीन पार्कांत असेल आणि एकीच्या डब्याला तडा सापडला, तर उरलेल्या दोघांना त्याच दिवशी कळवायलाही मधली यंत्रणा लागते. वार्षिक ओव्हरहॉलमध्ये गाडी पूर्ण सुटी करून, रंग खरवडून चुंबकीय कणांनी तडे शोधतात. त्यासाठीची उपकरणं आणि प्रमाणित तपासनीस वर्षभर पोसण्यापेक्षा कंत्राट परवडतं. राइड जितका वेळ बंद तितका मोबदला कापायचा, अशी अट मात्र कंत्राटात नको. तशा कंत्राटात तपासणी थोडक्यात उरकायचा मोह आपणच पेरतो.

जुळणीचं काम माझ्या मते पार्कनेच ठेवावं. नायलॉन कडीचा नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) मुदतीत कॅलिब्रेट केलेला हवा, आणि आवळल्यावर नट-बोल्टवरून रंगाची रेघ, म्हणजे सैल झालेला नट लांबूनही दिसतो. डिस्नीलँडच्या बिग थंडर माउंटन रेलरोड या कोस्टरवर 5 सप्टेंबर 2003 रोजी एकाचा जीव गेला. कॅलिफोर्नियाच्या चौकशीत नीट न आवळलेले बोल्ट आणि न बसवलेली सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) पुढे आली. त्या तारेच्या किमतीला कुठल्याच मंजुरीची गरज नसते.

पार्कला अधिकार द्यायचा तर लेखी पद्धतही सोबत द्यावी लागते. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 2 जून 2015 रोजी ‘स्मायलर’ या कोस्टरवर रिकामी गाडी रुळावर अडकलेली असताना सिस्टिमने दिलेला थांबा हाताने ओलांडला गेला आणि प्रवाशांची गाडी तिच्यावर आदळली. दोघींना पाय गमवावा लागला, कंपनीला 2016 मध्ये 50 लाख पौंड दंड झाला. थांबा ओलांडण्याआधी रुळावरच्या गाड्या दोघांनी स्वतंत्रपणे मोजायच्या, एवढी ओळ तरी कार्यपद्धतीत हवीच.

खर्चाची मर्यादा ठरवताना गेल्या दोन हंगामांत राइड बंद राहिल्याच्या नोंदी काढा. तयार मिळू शकणाऱ्या ज्या भागाअभावी राइड चार तासांहून जास्त उभी राहिली, त्यांतल्या सर्वांत महागाची किंमत बघा. मेंटेनन्स प्रमुखाचा अधिकार त्याच्या वर असावा.