न विकलेल्या नावांची नोंद: डोमेनच्या सामायिक शीटचा वापरानंतरचा अनुभव

डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेवायची आणि पुढे चढ्या भावाने विकायची, या धंद्याची माहिती ठाणे-नवी मुंबईतले आम्ही काही जण मिळून एका गुगल शीटमध्ये गोळा करतो. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी ती वापरतोय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे, पण तिथे मुख्यतः गुड मॉर्निंग आणि विमानतळाचे फोटो येतात. खरा माल शीटमध्ये. नवीन येणारा पहिला प्रश्न हमखास विचारतो, यातून पैसे होतात का? होतात. पण मिळतात त्यापेक्षा वाचतात जास्त.

माणसं सगळ्या थरांतली आहेत. वागळे इस्टेटमध्ये वेबसाइट बनवून देणारा एक जण, खारघरचे इस्टेट एजंट, महापे-ऐरोलीच्या कंपन्यांतले माझ्यासारखे नोकरदार, आणि नौपाड्यातले एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात. शीटला शिस्त आहे ती काकांमुळे. आयुष्यभर लेजर जुळवलेला माणूस, रिकामा रकाना त्यांना बघवत नाही.

प्रत्येक नावाला एक ओळ. नाव, कधी घेतलं, कितीला, कुठल्या रजिस्ट्रारकडे (नाव नोंदवून देणारी कंपनी), नूतनीकरण कधी, चौकशी आली का, आपण काय भाव सांगितला, पुढे काय झालं. एवढं तर कोणीही लिहून ठेवतो. वेगळे आहेत ते दोन रकाने. एक ‘का घेतलं’. तो नाव घेतल्याच दिवशी भरायचा, नंतर काका त्याला कुलूप लावतात. दुसरा ‘का सोडलं’. नूतनीकरण न करता नाव सोडून दिलं तरी ओळ पुसायची नाही, तिला करडा रंग द्यायचा. आज शीट उघडली की अर्ध्याहून जास्त पडदा करडा दिसतो. नवख्याला ते बघून धसका बसतो. मला विचाराल तर शीटची सगळी किंमत त्या करड्या ओळींत आहे.

कारण विक्रीचे आकडे बाहेर भरपूर मिळतात. नेमबायोसारख्या ठिकाणी कुठलं नाव कधी, कितीला गेलं ते कोणालाही शोधता येतं. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, ही गोष्ट तर या धंद्यात शिरलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात ऐकतो. पण त्याच साली किती नावं एकही ईमेल न येता मुदत संपून गेली, ते कुठेच छापून येत नाही. विकलेल्या नावांची यादी वाचून धंद्यात उतरणं म्हणजे लॉटरीच्या दुकानात लावलेले विजेत्यांचे फोटो बघून तिकीट काढणं. न विकलेल्याची नोंद एकट्याची असून भागत नाही, कारण एकट्याकडे नावं ती किती असणार? दहा-बारा जणांच्या करड्या ओळी एकत्र आल्या की मग काहीतरी दिसायला लागतं.

आता हिशेब. डॉट कॉमच्या एका नावाचं वर्षाचं नूतनीकरण, जीएसटी धरून, मोघम हजार रुपये धरा. रजिस्ट्रारप्रमाणे कमी-जास्त होतं. शंभर नावं बाळगलीत की वर्षाला लाख रुपये गेले. जाणकार मंडळी विक्रीचं प्रमाण सांगतात ते वर्षाला शंभरात एक किंवा दोन. म्हणजे एक विकलं तर ते लाखाला जायला हवं, दोन गेली तर पन्नास-पन्नास हजारांना, आणि तेही मार्केटप्लेसचं कमिशन कापून. एवढं करून तुम्ही बरोबरीत. नफा अजून लांबच आहे. काकांनी ही बेरीज शीटच्या अगदी वर, गोठवलेल्या ओळीत लावून ठेवली आहे. कोणी ‘एकदम स्वस्तात मिळालं’ म्हणून वीस नावं उचलली की खाली त्याचा वार्षिक बोजा आपोआप वाढलेला दिसतो. या एका आकड्याने जेवढी खरेदी थांबली असेल तेवढी कुठल्या सल्ल्याने थांबली नसेल.

शीट कशी कामाला येते याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे विमानतळाची नावं. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. मधल्या काळात उलवे, पनवेल, द्रोणागिरी या नावांना फ्लॅट, प्लॉट, हॉटेल, टॅक्सी जोडून किती नावं घेतली गेली असतील त्याला गणती नाही. नंतर विमानतळाचा कोड एनएमआय आहे हे कळल्यावर ती तीन अक्षरं लावून, आणि दि. बा. पाटलांच्या नावाच्या मागणीने जोर धरला तेव्हा ते नाव धरूनही. आमच्यातल्या काहींकडे यातली जुनी नावं होती. ‘का घेतलं’मध्ये जवळजवळ एकच वाक्य: विमानतळ झाला की मागणी येणार. विमानतळ झाला. मागणी आली का?

आली, पण भलतीकडे. टॅक्सीच्या नावांना चौकशा आल्या, हॉटेलच्या नावांना तुरळक. फ्लॅट आणि प्लॉटच्या नावांची ओळ अन् ओळ करडी. खारघरचे एजंट म्हणाले, ‘अहो, बिल्डर प्रोजेक्टच्या नावाने साइट काढतो आणि एजंटचं सगळं काम व्हॉट्सअ‍ॅप आणि प्रॉपर्टी पोर्टलवर चालतं. उलवे-फ्लॅट घेऊन तो करणार काय?’ हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, कोणी विचारलंच नव्हतं. शिवाय सांभाळण्याचा खर्च कोणी मोजला नव्हता. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे डॉट कॉम चालवणारी व्हेरीसाइन कंपनी रजिस्ट्रारकडून घेते तो, २०१८ मध्ये ७.८५ डॉलर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलरवर गेला. त्यात रुपया घसरत गेला ते वेगळंच. भूमिपूजनाला घेतलेलं नाव उद्घाटनापर्यंत ठेवणाऱ्याने एकेका नावामागे सहज सात-आठ हजार घातले. नाव पुढे पंचवीस हजारांना गेलं असं सांगताना हे कोणी सांगत नाही.

दुसरी मला आवडलेली गोष्ट म्हणजे फोनची परीक्षा. ही वागळेवाल्याची कल्पना. नवीन नाव घ्यायच्या आधी तो कळव्याला आईला फोन लावतो, नाव एकदाच सांगतो आणि म्हणतो, ‘आई, हे इंग्रजीत टाइप करून पाठव.’ ती जे पाठवेल ते जसंच्या तसं शीटमध्ये. आता आम्ही सगळेच करतो, कोणी बायकोला, कोणी सोसायटीच्या वॉचमनला. घोडबंदर हे नाव असलेल्या एका ओळीसमोर चार माणसांची चार उत्तरं आहेत: कोणी जी नंतरचा एच गाळला, कोणी बंदरमध्ये यू घातला, कोणी ए. ठाण्याच्या शेवटी कोणी ई लावतं तर कोणी ए, वाशीच्या सुरुवातीला व्ही की डब्ल्यू यावर तर नवरा-बायकोत एकमत नाही. आपल्याकडच्या गावांची नावं असलेलं डोमेन घेणार असाल तर हा रकाना बघितल्याशिवाय घेऊ नका. गिऱ्हाईक दुकानाच्या पाटीवर वाचून नाव टाइप करणार असेल तर गोष्ट वेगळी, पण रिक्षात बसून फोनवर सांगितलेलं नाव कुठल्या साइटवर जाऊन पोचेल याचा नेम नाही.

फसवणुकीचं तर विचारूच नका. ‘तुमच्या नावासाठी माझा गुंतवणूकदार मोठी रक्कम द्यायला तयार आहे, फक्त आधी मूल्यांकनाचं प्रमाणपत्र हवं, आणि ते अमुक साइटवरूनच काढा’, असा ईमेल एकट्याला आला की माणूस हुरळतो. हा सापळा जुना आहे. प्रमाणपत्राचे पैसे घेतले की गुंतवणूकदार गायब. आमच्या शीटमध्ये आलेल्या ईमेलचा मजकूर चिकटवायला एक वेगळं पान आहे. तिथे तोच ईमेल, तीच इंग्रजीची चूक, तिघांना तीन वेगवेगळ्या नावांवर आलेली दिसली. रक्कम तेवढी बदललेली. खऱ्या चौकशा अशा भपकेबाज नसतातच. त्या बहुधा दोन ओळींच्या असतात आणि अर्ध्या वेळा समोरचा सांगतो की मी विद्यार्थी आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नाव हवंय. अशा एका ‘विद्यार्थ्या’च्या ईमेलच्या तळाशी तुर्भ्याच्या मसाला व्यापाऱ्याची सही तशीच राहिली होती. त्या सौद्यात पैसे एस्क्रोमार्फत, म्हणजे सौदा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थामार्फत आले, मग नाव दुसऱ्याकडे वळवायचा ट्रान्सफर कोड दिला, असा सगळा क्रम शीटमध्ये आहे. पहिल्यांदा विकणाऱ्याने तो वाचावाच.

ट्रेडमार्कचा रकाना सगळ्यांत कंटाळवाणा, पण सक्तीचा. भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोधाच्या साइटवर नुसता शब्द नाही, उच्चाराने जवळचं नावही शोधता येतं, आणि तेवढं केल्याशिवाय ओळ हिरवी होत नाही. रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात २००४ मध्ये डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे हे स्पष्ट केलं. तरीही २०२४ मध्ये जिओ आणि हॉटस्टारच्या विलीनीकरणाच्या बातमीवर दिल्लीच्या एका डेव्हलपरने जोडनाव घेतल्याचं गाजलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस तसलीच जोडनावं शोधायची साथ आली. ही गुंतवणूक नव्हे. कंपनीने तक्रार केली तर नाव हातचं जातं आणि भरपाई म्हणून छदामही मिळत नाही. डॉट कॉमच्या वादात वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डॉट इनच्या धोरणात यांतली एकही पुरते. स्वस्त म्हणून डॉट इनवर अशी नावं घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

देवनागरी नावांबद्दल थोडक्यात. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, आणि मराठी माणूस म्हणून मलाही त्याचं अप्रूप आहे. पण शीटमध्ये त्याची एकही विक्री नाही आणि चौकशीही नाही. बऱ्याच फॉर्ममध्ये तसा ईमेल पत्ता चालत नाही. हौस म्हणून स्वतःच्या नावाचं घ्या.

आता तक्रारी. पहिली, माणसं चांगली नावं लपवतात. शीटमध्ये नाव चढलं की बाकीचे बघणार, मग कोणीतरी त्याच धर्तीचं दुसरं घेणार, ही भीती खोटी नाही. म्हणून नियम आहे की नाव नोंदवून झाल्यावरच लिहायचं. तरी ज्या ओळी येतात त्यांत उरलासुरला माल जास्त असतो असा माझा संशय आहे, आणि त्यामुळे करड्या ओळींचं प्रमाण प्रत्यक्षाहून थोडं जास्त दिसत असावं. दुसरी, ‘का सोडलं’मध्ये लोक ‘बजेट नव्हतं’ लिहून मोकळे होतात. त्यातून काय कळणार? काका फोन करून करून खरं कारण काढतात, पण सगळ्यांनाच ते आवडतं असं नाही. तिसरी, नव्या लाटेपुढे शीट मुकी आहे. एआय जोडलेल्या नावांबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं. अँग्विला या कॅरिबियन बेटाच्या डॉट एआयवर किमान दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात, म्हणून चूक महागात पडते. पण आमच्या ओळी अजून इतक्या कोवळ्या आहेत की पहिलं नूतनीकरणही आलेलं नाही. तिथे शीट बघून ठरवणं आणि नाणं उडवणं सारखंच.

आणि एक भांडण चालू आहे ते. डॉट कॉमची मुदत संपली की आधी सवलतीचे काही आठवडे, मग ३० दिवस जुन्या मालकाला दंड भरून सोडवायची मुभा, मग ५ दिवस थांबून नाव मोकळं. पण बरीच चांगली नावं त्याआधीच रजिस्ट्रारच्या लिलावात जातात. अशाच एका लिलावात आमचेच दोघं एकमेकांना न ओळखता भिडले आणि भाव दुप्पट करून बसले. त्यानंतर काहींचं म्हणणं पडलं की कोण कशाच्या मागे आहे ते आधीच शीटमध्ये लिहू, बाकीच्यांनी बोली लावायची नाही. माझा याला विरोध आहे. माहिती एकत्र करणं वेगळं आणि बोली दाबणं वेगळं, बाहेरचा कोणी आमच्यात असं करताना सापडला असता तर आम्हीच बोंब मारली असती. काका माझ्या बाजूने, खारघरवाले विरुद्ध, वागळेवाला दोन्हीकडे मान डोलावतो. निकाल लागेपर्यंत लिलावातली नावं लिलाव संपल्यावरच शीटमध्ये चढतात.