पसरो, मोठं सुपरमार्केट आणि बागायतदार: वर्षभर तिन्हीकडे खरेदी केल्यावरचा अनुभव

आधी थोडी माहिती देते म्हणजे वाचताना अंदाज येईल. आम्ही गोव्यात फोंड्याच्या बाजूला राहतो, घरात पाच माणसं, त्यात सासू-सासरे आणि एक बिस्किटं खाऊन जगणारा मुलगा. गेल्या पावसाळ्यापर्यंत महिन्याचं सगळं सामान वाड्यावरच्या पसऱ्यावरूनच, म्हणजे छोट्या किराणा दुकानातूनच यायचं. मग जवळ एक मोठं चेनवालं सुपरमार्केट उघडलं, पार्किंग, एसी, ट्रॉली सगळं, आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. नवरा मोठ्या दुकानाचा, सासूबाई पसऱ्याच्या, आणि पिशव्या उचलणारी मी. रोजच्या वादाला कंटाळून मी दोन्हीकडचे दर लिहून ठेवायला लागले, बिल मिळेल तिथे बिल, नाहीतर मोबाइलमध्ये.

वर्ष होत आलं आता, आणि मला वाटतं की कुठलं दुकान स्वस्त हा प्रश्नच चुकीचा आहे, कुठली वस्तू कुठे घ्यायची एवढंच बघायचं.

पॅकबंद माल मोठ्या दुकानात स्वस्त पडतो, यात वाद नाही. साबण, टूथपेस्ट, डिटर्जंट, चहाची मोठी पाकिटं, यावर पसरकार फारतर एमआरपीवर रुपया-दोन रुपये सोडतो, तिकडे सरळ दहा-पंधरा टक्के कमी. 2025 च्या सप्टेंबरात 22 तारखेपासून साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला तेव्हा तर फरक डोळ्यांत भरला, मोठ्या दुकानाच्या कॉम्प्युटरने एका रात्रीत दर बदलले आणि आमच्या बाजूच्या छोट्या दुकानांतून पुढे कितीतरी दिवस जुनी एमआरपी बघून जुनेच पैसे मागत होते. एकाने तर सरळ सांगितलं, माझा माल जुना आहे, मी कुठून देऊ. त्याचीही अडचण खरी, पण माझ्या खिशातून का?

आता उलटी बाजू. मोठ्या दुकानात शेल्फवर लावलेला दर एक आणि बिलात भलताच, हे माझ्याबरोबर एकदा नाही, बऱ्याचदा झालंय. दाखवून दिलं की लगेच सॉरी मॅडम म्हणून कमी करतात, पण दाखवून द्यायला आधी बिल वाचावं लागतं आणि मागे लाइन लागलेली असताना किती जण वाचतात. दुसरं म्हणजे फॅमिली पॅक. हल्ली पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात ते छापणं बंधनकारक आहे, बारीक अक्षरात असतं पण असतं, ते बघत चला. आमच्याकडच्या दुकानात एका कडधान्याचं मोठं पाकीट छोट्या पाकिटापेक्षा किलोमागे महाग निघालं. दोनावर एक फ्री असेल तर तारीख बघा, बहुतेक वेळा दीड महिन्यात संपणारा माल असतो. आणि नवरा एकटा गेला की यादीत नसलेल्या निदान चार वस्तू घरी येतात, पण हा दोष दुकानाचा की नवऱ्याचा ते मी ठरवू शकलेले नाही.

सुट्या मालाचं मात्र गणित वेगळं. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या तांदूळ, डाळी, पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, गोणीतून मोजून दिलेल्या सुट्या मालावर नाही. म्हणजे मोठं दुकान पाकीट बनवतं तिथेच पाच टक्के वाढतात, वर पाकिटाचा खर्च वेगळा. पण माझ्यासाठी पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की मला अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) पाव किलो हवे असतात, पाचशे ग्रॅमचं पाकीट नको असतं. पसऱ्यावर गोणीचं तोंड दुमडून ठेवलेलं असतं, मूठभर हातात घ्यायचे, कीड आहे का बघायची, पसंत नसेल तर परत टाकायचे, कोणी काही बोलत नाही. गेल्या श्रावणात उपासाची खरेदी होती, मी वऱ्याचे तांदूळ मागितले तर पसरकार म्हणाला, "वयनी, हे व्हरूं नाका, पोरने आसात. सोमाराक नवे येतले." स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका असं सांगणारा सेल्समन मला एसीत अजून भेटलेला नाही.

पण पसऱ्याचं उगाच कौतुक करणाऱ्यांतली मी नाही. फळीच्या मागच्या रांगेतल्या मसाल्याच्या पाकिटांवर धूळ असते आणि तारीख बघितली तर मागच्या वर्षाची. एका दुकानात कोल्ड्रिंक फ्रिजमधलं म्हणून एमआरपीवर दोन रुपये जास्त मागितले, हे चालतच नाही, एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि त्यावर कुठलाच दुकानदार घेऊ शकत नाही. आणि बिल. बिल मागितलं की असा चेहरा करतात जणू मी इन्कम टॅक्समधून आलेय.

गोव्यात मात्र तिसरा पर्याय आहे जो या वादात लोक विसरतात, तो म्हणजे गोवा बागायतदार, बागायतदारांची सहकारी संस्था. सासऱ्यांचं सावईवेऱ्याला छोटं कुळागर आहे, सुपारी, नारळ, थोडी मिरी. सुपारी सोलून सुकवून ते बागायतदारात घालतात, दर्जा बघून दर लागतो, आणि त्याच संस्थेच्या दुकानातून घरचं सामान घेऊन येतात. म्हणजे आमची सुपारी आत जाते आणि साखर बाहेर येते. दर मोठ्या दुकानाच्या जवळपास, काही गोष्टींत थोडे वर, पण सोलां (आमसुलं), उकडे तांदूळ, खोबरेल असं आपल्या वापराचं सामान तिथे हमखास मिळतं. मोठ्या चेनमध्ये मला उकडे तांदूळ मिळाले ते दाक्षिणात्य इडली राइसच्या शेजारी, आणि पेजेला ते चालले नाहीत, सासऱ्यांनी एक वाटी खाऊन बाजूला सारली.

भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचा गाडो. सकाळी गेलात तर कांदे, बटाटे, टोमॅटो बाजारापेक्षा कमी दरात, दर फळ्यावर लिहिलेले, घासाघीस नाही. तिथली बरीचशी भाजी बेळगावहून येते, मोठ्या दुकानातलीही तिकडचीच, मग एसीचे पैसे कशाला द्या. पावसात मात्र मी रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांकडून घेते, तायकिळो, दोडगी, सात शिऱ्यांचे भेंडे. हे कुठल्याच ट्रॉलीत येत नाही.

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी तर मोठ्या दुकानात करूच नका. मे महिन्यात आम्ही म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो, सुकी सुंगटां (कोळंबी), चिंच, कांद्यांच्या माळा आणि वर्षाची मिरची. काणकोणच्या खोला मिरचीला 2020 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून कुठलीही लाल मिरची खोला म्हणून पुढे करतात, त्यामुळे सासूबाईंना सोबत नेणं आवश्यक. त्या मिरची कानाजवळ धरून हलवतात, बिया खुळखुळल्या तरच सुकलेली, मग देठाकडून मोडून वास घेतात, आणि विकणारी बाईही स्वतःच पाटी बदलून चांगली काढून देते कारण तिला कळतं की इथे चालणार नाही. पॅकेटवर लाल रंगाचा फोटो बघून मिरची घेतलीत तर हुमणाला (माशाच्या कालवणाला) रंग येतो, चव येत नाही.

मासळीसाठीही तेच. 2018 च्या जुलैमध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याचं प्रकरण झालं आणि सरकारने बाहेरची मासळी काही काळ बंद केली, तेव्हापासून आमच्या घरी ओळखीच्या मासळीवालीशिवाय कोणाकडून घेत नाहीत. मोठ्या दुकानातली फ्रोझन मी दोनदा आणली, मांजरानेही विचार करून खाल्ली. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा सुक्यावर भागवायचं.

पावाचं तर विचारूच नका. पोदेराची (पाववाल्याची) पोळी, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, सकाळी दारात मिळते, भोंगा वाजला की मुलगा धावतो. मोठ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या पावाला घाम सुटलेला असतो.

एक गोष्ट अजून, उधारी. मधे नवऱ्याचा पगार दोन महिने अडकला होता तेव्हा पसरकाराने वहीत लिहून घेतलं, तोंडातून शब्द काढला नाही. याची किंमत मी माझ्या दरांच्या हिशेबात कशी धरू कळेना म्हणून धरलीच नाही, पण पॅकबंद मालात तिकडे महिन्याला जे वाचतात त्याच्या शेजारी हेही ठेवून बघा.

सध्या आमचं असं चाललंय: साबण-पावडर-चहा दोन महिन्यातून एकदा मोठ्या दुकानातून, यादी माझ्या हातात, नवरा गाडी चालवायला. तांदूळ-तेल बागायतदारातून, बाकी रोजचं पसऱ्यावर. पसरकाराच्या मुलाने आता व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केलीय, सामान संध्याकाळी घरपोच, पैसे यूपीआयने. पण हिशेब अजून सिगारेटच्या खोक्याच्या पाठीवर पेनाने. त्याला म्हटलंय, प्रिंटर घे छोटासा, नीट बिल द्यायला लाग, म्हणजे आमच्या घरी एक माणूस कायमचा गप्प होईल.