प्रदर्शनात काय मांडावं: गुलाबाचं फूल की पानांची कुंडी?

पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं. शेजारच्या काकूंना यंदा पहिल्यांदाच स्पर्धेत उतरायचंय. गच्चीवर गुलाब आहेत, घरात कुंडीत नेचा (फर्न) आहे, आणि त्यांचं काही ठरत नाहीये.

खरी परीक्षा वेळेची. गुलाब छाटल्यापासून फूल यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, थंडी वाढली की आणखी थोडे. म्हणजे छाटणी नोव्हेंबरअखेरीस व्हायला हवी. तीही एकदम नको. चार-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन झाडं छाटावीत, म्हणजे एखादं तरी फूल नेमकं त्या दिवशी अर्ध्याहून थोडं जास्त उमललेलं मिळतं. दांडीवरच्या बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडाव्यात. एवढं करूनही आदल्या दिवशीचं ऊन घात करू शकतं. नेच्याला असा मुहूर्त नसतो. त्याला महिनोन्‌महिने सांभाळावं लागतं: दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, वाळलेली पानं काढायची.

खर्च दोन्हींचा किरकोळच. नेआण मात्र वेगळी. फूल पहाटे कापून पाण्याच्या बाटलीत नेता येतं. भरलेल्या नेच्याला रिक्षाच लागते, आणि एक पान मुडपलं तरी डोळ्यांत भरतं.

रोज सकाळी गच्चीवर जाणाऱ्याने गुलाब मांडावा. नोकरी सांभाळून, सावलीच्या घरात झाडं वाढवणाऱ्याने नेचा. काकूंना मी गुलाबच सुचवला; त्यांचा हात त्यातच बसलाय.