अंजिराच्या ओलांड्यावर लो टनेल: न्यू जर्सीतला मार्च ते नोव्हेंबरचा अनुभव

मध्य न्यू जर्सीत शेवटचा फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) साधारण एप्रिलअखेर पडतो आणि पुढचा पहिला ऑक्टोबरच्या मध्यानंतर. उघड्यावरचं अंजीर मेच्या सुरुवातीला फुटतं. नव्या फुटीवरची फळं जूनअखेर-जुलैत दिसतात आणि लवकर येणाऱ्या जातींनाही ती पिकायला अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे बरीच फळं हिरवीच थंडीत सापडतात, आणि हिरवं तोडलेलं अंजीर घरात ठेवून पिकत नाही. लो टनेलने, म्हणजे ओळीवर कमानी रोवून वर प्लॅस्टिकची फिल्म घातलेल्या बुटक्या बोगद्याने, हा हिशेब नक्की बदलतो. मात्र फायदा जवळजवळ सगळा मार्च-एप्रिलमधला आहे. सप्टेंबरनंतरच्या झाकणीवर भिस्त ठेवून खर्च करू नका.

टनेलच्या आधी झाडाची बांधणी हवी, झुडपासारखं वाढवलेलं झाड यात मावतच नाही. जात शिकागो हार्डी. खोड ३० सेंटिमीटरवर छाटून, द्राक्षाला काढतात तसे दोन ओलांडे, म्हणजे कायमच्या आडव्या फांद्या, दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.८ मीटर. ओलांड्यावर दर २०-२५ सेंटिमीटरला एक उभी काडी, बाकीची फूट कोवळी असतानाच काढायची. पानं गळल्यावर प्रत्येक काडी एक-दोन डोळ्यांवर छाटायची. हिवाळ्यात मग झाकायला फक्त गुडघ्याइतकी उंची उरते.

सांगाड्याला ३ मीटर लांबीचे अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड पाइप १.२ मीटर रुंदीच्या कमानीत वाकवले. पाय ३० सेंटिमीटर जमिनीत गेल्यावर उंची ८५ सेंटिमीटरच्या आसपास राहते. कमानी १.२ मीटर अंतरावर, म्हणजे ३.६ मीटरच्या ओळीला चार, आणि वर एक आडवा पाइप, नाहीतर ओल्या बर्फाने कमानी कलतात. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो, पण त्याला टेकलेली पॉलिथिन फिल्म त्याच रेषेवर लवकर कुजते. तोच वापरायचा असेल तर वरून पांढरी टेप गुंडाळा. फिल्म १५० मायक्रॉनची, यूव्ही-स्थिर आणि ३ मीटर रुंद घ्या. रंगकामाची साधी फिल्म एका उन्हाळ्यात चुरा होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाकलं की मार्चअखेर डोळे फुगतात, उघड्या झाडाच्या जवळजवळ महिनाभर आधी. पुरंदरकडे पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग बहार धरतात. इथे विश्रांती थंडीच देते, आपण ती थोडी लवकर संपवतो इतकंच. धोका असतो उन्हाचा. बाहेर ५ अंश असतानाही बंद टनेलमध्ये दुपारी ४० अंश सहज होतात आणि कोवळी फूट करपते. २५ अंशांवर गेलं की दोन्ही टोकं उघडायची, ३० वर बाजूही गुंडाळायच्या. तापमानाचा सेन्सर सावलीत, ओलांड्याच्या उंचीवर लावा. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी सकाळीच टोकं अर्धी उघडून जावं. थोडी ऊब गेलेली परवडते, फूट गेलेली नाही.

एप्रिलच्या गोठवणाऱ्या रात्रींसाठी आत ओलांड्यावर चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाचं पांढरं फ्लीस (थंडीपासून पीक झाकायचं हलकं, न विणलेलं कापड) टाकायचं. फिल्मला टेकलेली पानं हमखास जळतात. पाण्याने भरलेले काळे कॅन उपयोगी आहेत, पण मर्यादेत: २० लिटर पाणी १० अंशांनी निवताना जेमतेम पाव युनिट उष्णता देतं. उणे ४ च्या रात्री ७ वॅटच्या जुन्या फिलामेंट बल्बांची, २५ बल्बांची माळ जास्त भरवशाची. एलईडी माळ ऊब देत नाही. माळ बाहेर वापरण्याजोगी, जीएफसीआय सॉकेटवर (वीज गळताच पुरवठा तोडणारं सॉकेट) आणि फिल्म-फ्लीसपासून दूर बांधलेली हवी.

मेच्या मध्यात फिल्म काढताना एकदम काढू नका. आठवडाभर आधी बाजू वर ठेवा आणि ढगाळ दिवशी पूर्ण काढा, नाहीतर मऊ पानं उन्हाने पांढरी पडतात. टनेलमध्ये पाऊस पोहोचत नाही, म्हणून ठिबक मार्चपासूनच हवं. कोरड्या उबेत लाल कोळी येतो. पानांची खालची बाजू पाहत राहा आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा.

काडीला पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडायचा. टनेलइतकंच महत्त्व या खुडणीला आहे. उशीर झाला तर काडी उंच जाते आणि फळं मागे पडतात. नत्र जूनअखेर बंद, कारण उशिराच्या नत्राने लाकूड कच्चं राहतं आणि हिवाळ्यात मरतं. पहिली फळं ऑगस्टच्या मध्यापासून मिळाली, उघड्यावर सप्टेंबर उजाडतो.

सप्टेंबरमध्ये काड्या दीड मीटरच्या असतात, त्यामुळे हा बुटका सांगाडा निरुपयोगी ठरतो आणि उंच चौकट लागते. तिचा खरा उपयोग पावसापासून फळं तडकू न देण्यासाठी, तेही बाजू उघड्या ठेवून. ऑक्टोबरमध्ये बंद करून वाढवलेली फळं फुगतात, पण ऊन कमी असल्याने पाणचट लागतात आणि आतल्या दमटपणाने बुरशी धरतात. १० ऑक्टोबरला नखाएवढी असलेली फळं खुडून टाका.

नोव्हेंबरअखेर छाटणी करून ओलांड्यांवर फ्लीस आणि २० सेंटिमीटर कोरडी पानं घालायची, वर फिल्म. उणे १० च्या खाली उघडं लाकूड मरू लागतं. पानांच्या थरात शेतउंदीर घर करतात आणि साल कुरतडतात, म्हणून खोडाभोवती ६ मिलिमीटर छिद्रांची जाळी ५ सेंटिमीटर मातीत खुपसून आधीच बसवा.