फोटोशॉपसाठी रॅम: जास्त जीबी, जोडी की जास्त वेग?

लग्नसराई तोंडावर आली की साताऱ्यातले ओळखीचे फोटोग्राफर हमखास विचारतात, "रॅम वाढवू, की जास्त वेगाची घेऊ?" मी प्रत्येकाला सांगतो, आधी जीबी म्हणजे जागा बघा, मेगाहर्ट्झ म्हणजे वेग नंतर.

पारख करायला मी कासच्या पठारावरचा पॅनोरामा वापरतो. सप्टेंबरात फुलं असताना घेतलेल्या आठ उभ्या फ्रेम, प्रत्येकी २४ मेगापिक्सेल, १६ बिट. एक फ्रेम मेमरीत साधारण १४४ एमबी खाते, म्हणजे नुसते आठ लेयरच ११०० एमबीच्या पुढे. वर मास्क, हिस्टरी आणि जोडकामाला लागणारी जागा वेगळीच.

८ जीबीवर हे काम लावलं आणि फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत नजर ठेवली. तिथल्या बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडलं की टक्के दिसतात. १०० म्हणजे सगळं रॅममध्ये चाललंय. आकडा घसरला की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅम पुरली नाही की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत गेलं, आणि ती जुनी हार्डडिस्क असेल तर तिची कुरकुर कानाला ऐकू येते. माझा आकडा घसरला, कर्सर फिरत बसला. १६ जीबी टाकल्यावर तीच फाइल १०० वरून हलली नाही.

मग ३२ कुणाला? १२ बाय ३६ ची अल्बम शीट, ३०० डीपीआय, ८ बिट, सपाट केल्यावर सुमारे ११७ एमबी. दहा-बारा लेयर धरले तरी १६ मध्ये निवांत बसते. पण चार शीट एकदम उघड्या, मागे लाइटरूम आणि क्रोम, अशी सवय असेल तर ३२ च घ्या. फोटोशॉप मुळात उपलब्ध रॅमच्या ७० टक्क्यांपर्यंतच हात घालतं, हेही हिशेबात धरा.

एक १६ ची स्टिक की ८-८ ची जोडी? डीडीआर४ ३२०० (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) एका चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेवर, सेकंदाला २५.६ जीबी देते; जोडी लावली की दोन चॅनेलवर ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर जोडीचा फायदा जास्त, कारण ग्राफिक्सही याच रॅममधून जागा घेतं. मात्र स्लॉट दोनच असतील आणि पुढे ३२ करायचे असतील, तर मी आज एक १६ ची घेईन आणि सीझन संपल्यावर तशीच दुसरी. नाहीतर ८-८ च्या दोन्ही काढून ठेवाव्या लागतात.

२६६६ आणि ३२०० मधला फरक कागदावर वीस टक्के. ब्रश फिरवताना, लेयर सरकवताना मला तो हाताला जाणवला नाही. लाइटरूममधून रॉ एक्सपोर्ट करताना मुख्य भार प्रोसेसरवर असतो. किमतीत फारसा फरक नसेल तर ३२०० घ्या, पण जुन्या २६६६ शेजारी लावली तर दोन्ही २६६६ नेच चालतील.

पोवई नाक्यावर खरेदीला जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडून मोबाइलवर फोटो काढा. किती स्लॉट भरलेत आणि सध्याचा वेग किती, दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते. लॅपटॉप असेल तर रॅम बोर्डवर सोल्डर केलेली नाही ना, हे आधी विचारून घ्या.