एक तारखेचा पगार की वाटेवरचं मानधन?

लिहून पोट भरायचं तर दोन वाटा आहेत. जाहिरात संस्था, वृत्तपत्र किंवा चॅनेलमध्ये लेखनाची नोकरी, नाहीतर घरी बसून भाषांतरं, मालिकांचे संवाद, सबटायटल्स, पुस्तकांचं संपादन अशी मिळतील ती कामं. पहिल्या वाटेवर मी सहा वर्षं काढली, दुसरीवर आता नववं चालू आहे. सल्ला विचारायला येणारे म्हणतात, 'लिहायला आवडतं, म्हणून नोकरी सोडावी म्हणतो.' आवड दोन्हीकडे लागतेच. खरा फरक पैसे कधी हातात पडतात, यात आहे.

नोकरीत महिनाभर लेखणी रुसली तरी एक तारखेला पगार होतो. मी मार्चमध्ये पूर्ण करून दिलेल्या एका भाषांतराचे पैसे दिवाळीनंतर आले, तेही चार फोन केल्यावर. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची. 'मानधन किती आणि कधी?' हे आधीच विचारायची परंपरा मात्र अजून पडायची आहे. मजुरी मागता येते, मानधन मागायला जीभ रेटत नाही. ती रेटणार नसेल, तर नोकरीच बरी.

कायदा थोडा आपल्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे करारात मुदत असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मी आजवर कोणावर तक्रार केलेली नाही, पण बिलाखाली उद्यम क्रमांक टाकते.

आकडे मांडताना लोक हमखास फसतात. नोकरीतले ४० हजार आणि मुक्तलेखनातले ४० हजार एक नव्हेत. तिकडे पीएफमध्ये कंपनीही भर घालते, आजारी पडलात तरी पगार चालू राहतो. इकडे कंपन्या बहुधा १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे देतात, तो आयकर विवरणपत्र भरून मागाहून सोडवायचा. लॅपटॉप, वीज, विमा आपल्या खिशातून. शिवाय काम शोधणं, नमुने पाठवणं, फुकटच्या दुरुस्त्या यांत आठवड्याचे दोन दिवस तरी जातात. माझा ठोकताळा असा की पगाराच्या दीडपट कमाई होत नसेल, तर तुम्ही तोट्यात आहात. (जीएसटीची धास्ती नको, वर्षाला २० लाखांच्या आत नोंदणी सहसा लागत नाही.) गृहकर्ज काढायचं असेल तर नोकरी सोडण्याआधी काढा. पगाराच्या स्लिपा नसल्या की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते.

हक्कांच्या बाबतीत मात्र मुक्तलेखन उजवं. नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेल्याचा कॉपीराइट साधारणपणे मालकाचा असतो. बाहेरून लिहून दिलेला मजकूर लेखी हस्तांतर करेपर्यंत तुमचा. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द दिसले की दर वाढवून मागा.

शिकायचं असेल, तर तेवीस-चोविसाव्या वर्षी नोकरीच धरा. तिथे कोणीतरी खमका संपादक तुमचा परिच्छेद लाल करून परत देतो. मुक्तलेखनात चूक कोणी सांगत नाही, पुढचं काम येत नाही एवढंच. त्यात आता यंत्राने केलेलं भाषांतर पाठवून 'फक्त नजर टाका' म्हणणारे वाढलेत. दर निम्मा आणि वाक्यं सगळी मुळापासून लिहायची!

स्वातंत्र्याबद्दल काय सांगू? दुपारी दोनला झोपता येतं, हे खरं. पण 'तू घरीच असतेस ना' म्हणून अख्ख्या मजल्याचे गॅस सिलिंडर माझ्याच दारात उतरतात.

मन पक्कं होत नसेल तर राजीनाम्याआधी नोकरीचा करार वाचा, बाहेरचं काम करायला मनाई आहे का बघा. नसेल तर शनिवार-रविवारी तीन वेगवेगळ्या लोकांची तीन छोटी कामं घ्या. दर आधी ठरवा, बिलं पाठवा आणि तिन्ही वसूल करा. तिसऱ्या बिलासाठी फोन उचलताना पोटात गोळा येत असेल, तर राजीनामा अजून सहा महिने खणातच राहू द्या.