यामामोतो सेन्को, ५ इंची: वजन न लावता टाका आणि हात आवरा

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी मिळणाऱ्या रबरी आमिषांत यामामोतो कंपनीच्या सेन्कोइतकं साधं दिसणारं आमिष शोधून सापडायचं नाही. शेपूट नाही, पाय नाहीत, फडफडणारं काही नाही. खडूसारखी एक मऊ कांडी, बस्स. पाण्यात ओढत आणली तर ती जवळपास काहीच करत नाही. सोडून दिली की मात्र आडवी राहून सावकाश खाली जाते आणि जाताना तिची दोन्ही टोकं बारीक थरथरतात. आपण पैसे मोजतो ते या पडण्याचे. गळ, लाइन, काठी, हाताची हालचाल, यांतलं काहीही चुकलं की पडणं बिघडतं, आणि मग कुठल्याही स्वस्त कांडीत आणि हिच्यात फरक राहत नाही.

पडण्याचं मूळ मिठात आहे. मऊ प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ घातल्यामुळे ५ इंची कांडी सुमारे १० ग्रॅम भरते. म्हणून शिसं किंवा टंगस्टन न लावताही ती लांब फेकता येते आणि आपल्याच वजनाने बुडते. तेच मीठ तिला कमकुवतही करतं. कणांमुळे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि गळ नुसता मधून ओवला तर एक-दोन माशांत कांडी तुटते, कधी नुसत्या फेकण्याच्या झटक्यानेही निसटून जाते. ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खरी आहे. यम कंपनीची डिंजर ही अशीच कांडी जास्त टिकते, पण तिच्यात मीठ कमी, त्यामुळे पडते अधिक हळू. झेड-मॅन कंपनीच्या ताणल्या जाणाऱ्या मटेरियलच्या कांड्या तर कितीतरी मासे झेलतात. पण ते मटेरियल मुळात तरंगणारं असल्याने वजन न लावता असं पडणं त्यांना जमत नाही. टिकाऊपणा हवा की पडणं, हा निर्णय घ्यावाच लागतो. उथळ, स्वच्छ पाण्यात आमचं मत बिनशर्त सेन्कोच्या बाजूने आहे.

वॅकी रिग हा तिचा सर्वांत चांगला वापर. रिग म्हणजे गळ आणि आमिष जोडण्याची पद्धत. गळ कांडीच्या बरोबर मध्यावर लागतो आणि दोन्ही टोकं मोकळी राहतात. १/० किंवा २/० मापाचा, पातळ तारेचा वॅकी गळ घ्या. झाडोरा असेल तर टोकापुढे तारेची आड असलेला. गळ थेट प्लास्टिकमध्ये न टोचता मध्यावर ओ-रिंग, म्हणजे छोटी रबरी कडी, चढवा, म्हणजे कांड्यांचा खप निम्म्याहून खाली येतो. रिंग किंचित घट्टच हवी; सैल रिंग फेकताना सरकते आणि कांडी एका बाजूला कलून पडते. एकाच रिंगखाली गळ सरकवला तर तो कांडीला समांतर बसतो आणि त्याचं टोक माशाच्या तोंडात नीट उघडं राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन रिंग एकमेकींना छेदतील अशा फुलीत चढवायच्या आणि फुलीखालून गळ घालायचा. मग तो काटकोनात उभा राहतो. एवढ्या एका बदलाने सुटणाऱ्या माशांची संख्या कमी होते.

या रिगला ७ फुटी, मीडियम ताकदीची, फास्ट टोकाची स्पिनिंग काठी आणि २५०० मापाचं रील पुरतं. रीलवर १५ पौंडी वेणीची (विणलेल्या धाग्यांची) लाइन, शक्यतो ठळक पिवळी, आणि पुढे लीडर म्हणून, म्हणजे गळाकडचा तुकडा म्हणून, ६ ते ८ फूट ८ किंवा १० पौंडी फ्लुरोकार्बन, ही पाण्यात कमी दिसणारी लाइन. पिवळा रंग माशासाठी नाही, आपल्या डोळ्यांसाठी आहे, कारण इथे मासा लागल्याचं बहुतेक वेळा हाताला कळतच नाही. लीडर जाड घेतला तर कांडीचं थरथरणं मरतं. परत ओढताना वॅकी कांडी गरगर फिरते आणि लाइनला पीळ पडतो. वेणी आणि लीडर यांच्यामध्ये छोटा स्विव्हल (फिरती कडी) घातला आणि रील सावकाश फिरवलं तर हा त्रास बराच आटोक्यात राहतो.

फेकल्यावर काय करायचं? काहीच नाही, आणि हेच सर्वांत अवघड आहे. कांडी पाण्याला टेकली की लाइन थोडी सैल सोडा. ताणून धरली तर कांडी सरळ खाली न जाता झोका घेत आपल्याकडे येते, म्हणजे ज्या डॉकच्या खांबाशी किंवा कमळपानांच्या कडेला अचूक फेकली तिथूनच दूर जाते. तळाला जायला किती वेळ लागतो ते आधी पायाशी, दिसणाऱ्या पाण्यात, मनात आकडे मोजून पाहून ठेवा. त्या मोजणीच्या आधीच लाइन पडायची थांबली, टचकन उडाली किंवा आडवी चालू लागली, तर मासा आहे. बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. लाइन ताठ असेल तर कांडी पुरती आत जात नाही, सैल असेल तर जाते. मासे बहुतांश पडतानाच घेतात. तळाला गेल्यावर पाच-दहा सेकंद पडू द्या, काठीचं टोक नऊच्या काट्यावरून अकरापर्यंत उचला, पुन्हा सोडा. दोन-तीन वेळा असं करून गुंडाळा आणि नव्या जागी फेका. मधलं पाणी ओढत आणण्यात वेळ घालवू नका.

लाइनवरून मासा लागल्याचं दिसलं की जोराचा झटका नको. सैल लाइन गुंडाळून घ्यायची आणि काठी बाजूला दाबून ओढायची. पातळ तारेचा उघडा गळ तेवढ्याने रुततो. उशीर मात्र करू नये. मऊ आणि खारट आमिष बास तोंडात धरून ठेवतो, गिळतोही, आणि गळ घशात जातो. लाइनवर लक्ष नसणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक मासे असे जखमी होतात. मासा परत सोडणार असाल तर या आमिषासोबत लांब पक्कड जवळ हवीच.

गवत दाट असेल तर टेक्सास रिग, म्हणजे गळाचं टोक कांडीत लपवलेली जोडणी. ४/० चा रुंद बाकाचा ऑफसेट (नेढ्याजवळ दुमडलेला) गळ, १५ पौंडी फ्लुरोकार्बन, मीडियम हेवी काठी आणि बेटकास्टर (काठीवर बसणारं, आडव्या फिरत्या रिळाचं) रील. गळाचं टोक कांडीच्या शेंड्यातून ६-७ मिलिमीटर आत घालून बाजूने काढा, नेढ्यापर्यंत ओढा, गळ फिरवा, बाक कुठे येतो ते कांडीवर धरून पाहा आणि नेमकं तिथेच आरपार टोचा. टोक पाठीच्या सालीत जरासं लपवा. कांडी सुतासारखी सरळ दिसली पाहिजे. किंचित कुबड राहिलं तरी ती पाण्यात फिरते. ५/० चा जाड गळ लावला तर ती नाकावर पडते, आडवी राहत नाही. इथे मात्र झटका दणदणीत हवा, कारण टोकाला आधी प्लास्टिक फोडायचं असतं.

अंडी घालण्याच्या सुमारास, पाणी १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना आणि त्यानंतरच्या सुस्त दिवसांत, तीन मीटरपर्यंतच्या पाण्यात सेन्कोला तोड नाही. जोराच्या वाऱ्यात तिचा उपयोग नाही. लाइनला पोट पडतं आणि कांडी भरकटते. मासे विखुरलेले असतील तेव्हाही नाही, तेव्हा स्पिनरबेट किंवा क्रँकबेट अशा ओढत आणायच्या आमिषांनी भराभर पाणी चाळावं. खोल पाण्यासाठी जाड टोकात १/१६ औंसाचं खिळ्यासारखं वजन खुपसून नेको रिग करता येते, पण मग तो वेगळाच डाव आहे.

रंगांवर फार डोकं लढवू नका. स्वच्छ पाण्याला काळ्या ठिपक्यांचा ग्रीन पम्पकिन (क्रमांक २९७), गढूळ पाण्याला निळ्या चमकीचा काळा (०२१). या दोघांत मागचं-पुढचं सगळं भागतं.

कांड्या त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. गाडीत तापल्या की वाकतात. गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ धरा आणि लगेच थंड पाण्यात टाका, पूर्ववत होतात. वर सांगितलेल्या झेड-मॅनच्या ताणल्या जाणाऱ्या कांड्यांबरोबर एका खणात अजिबात नको, दोन्ही वितळून चिकटतात. तुटलेली कांडी पाण्यात फेकू नका. मासे ती गिळतात आणि प्लास्टिक पोटात फुगून बसतं. अडीच-तीन इंचांचा चांगला तुकडा उरला असेल तर फाटलेलं टोक ब्लेडने सरळ कापा आणि छोट्या मशरूम डोक्याच्या जिगवर (डोक्याला वजन असलेल्या गळावर) चढवा.